संकेतस्थळाची राखण



वर्ध्याहून सुमारें आठ किलोमीटरांवर असलेल्या सेवाग्रामच्या आश्रमांत तुमच्यापैकीं बहुतेक जण सहलीच्या निमित्तानें जाऊन आले असतील. महात्मा गांधी १९३६ सालीं तेथें राहावयास गेले. पुढें व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो ह्यांना त्यांच्याशीं तातडीनें बोलतां यावें म्हणून सरकारनें त्या आडगांवीं एक टेलिफोन बसविला, आणि तो अद्याप आश्रमांत जपून ठेविलेला आहे. तो पाहून एका मुलानें आम्हांस विचारिलें, "सर, फोन केव्हां येणार हें ठाऊक नसतां त्याच्यापाशीं कोण बसत असेल?" प्रश्न वाटतो तितका पोरकट नाहीं. बोलावणें केव्हां येईल हें सांगतां येत नाहीं. परंतु तें आलें म्हणजे उत्तर देण्यास कोणीतरी जागें असलें पाहिजे. ज्याला आज आपण सर्व्हर म्हणतों, त्याचें मर्म ह्या एका गोष्टींत आहे.

सर्व्हर हा कांहीं निराळ्या जातीचा संगणक नव्हे. तुमच्या घरीं असलेला जुना संगणकहि सर्व्हर होऊं शकतो. अट एवढीच कीं, तो अहोरात्र जागा असावा, त्याला कायमचा पत्ता असावा, आणि कोणी पान मागितलें म्हणजे तें त्यानें निमूटपणें द्यावें. तुम्हीं फोनवर एकाद्या संकेतस्थळाचें नांव टाइप केलें म्हणजे प्रथम त्या नांवाचा अंकी पत्ता शोधिला जातो. ही नांवें व अंक ह्यांची सांगड घालणारी व्यवस्था पॉल मॉकापेट्रिस ह्यांनीं १९८३ सालीं योजिली. मग तुमची मागणी त्या पत्त्यावर जाते आणि तेथील सर्व्हर पान पाठवितो. पहिला वेब सर्व्हर १९९० च्या अखेरीस जिनीव्हाजवळील सर्न ह्या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली ह्यांच्या संगणकावर चालूं झाला. त्या संगणकावर त्यांनीं हातानें लिहिलेली एक चिठ्ठी चिकटविली होती. हें यंत्र सर्व्हर आहे, तें बंद करूं नये, असा तिचा आशय होता. १९९३ च्या एप्रिलमध्यें सर्ननें ही विद्या सर्वांस विनामूल्य खुली केली. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें भारतांत सामान्य लोकांसाठीं इंटरनेटचें दार उघडलें. दुसऱ्याच वर्षीं अमेरिकेंतील मराठी मंडळींनीं ‘मायबोली’ हें संकेतस्थळ सुरू केलें, आणि १ मे २००३ रोजीं मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला.

आज नववीच्या मुलासहि दोन दिवसांत आपलें संकेतस्थळ उभारतां येतें. परंतु आपल्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यास विचारा: पेरणी दोन दिवसांत होते, जागल मात्र पीक घरीं येईपर्यंत करावी लागते. संकेतस्थळाचें तसेंच आहे. हें आम्हांस पुस्तकांतून कळलें नाहीं. एका चुकीतून कळलें. ती चूक आधीं सांगतों, म्हणजे पुढील सूचना कोणत्या अनुभवांतून आल्या हें तुमच्या ध्यानीं येईल.

कांहीं वर्षांपूर्वीं आठवी-नववीच्या मुलांनीं दिवाळीच्या सुटींत आपापल्या गांवच्या वृद्ध माणसांकडून जात्यावरच्या ओव्या, म्हणी, आणि जुन्या विहिरींच्या व पेरण्यांच्या आठवणी गोळा केल्या. कोणी त्या लिहून आणिल्या, कोणी फोनवर आवाज मुद्रित करून आणिला. आम्हीं तें सर्व शाळेंतील एका जुन्या संगणकावर ठेवून त्याचें संकेतस्थळ केलें. स्नेहसंमेलनाच्या दिवशीं तें पडद्यावर पालकांस दाखविलें, टाळ्या पडल्या, आणि आम्हांस वाटलें कीं काम पुरें झालें. मे महिन्यांत शाळा बंद असतांना, पत्र्याच्या छपराखालच्या खोलींत तो संगणक रात्रंदिवस चालूं होता. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हांस सांगावयास नको; पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधीं त्याच्याहि पलीकडे जातो. वीज न सांगतां जाई आणि झटक्यानें परत येई. जूनमध्यें शाळा उघडली तेव्हां संगणकाची डिस्क कायमची मुकी झाली होती. बॅकअप आम्हीं घेतला होता, पण तो त्याच डिस्कच्या दुसऱ्या कप्प्यांत! दुसरी किल्ली घरांतच ठेवून दार ओढून घेणाऱ्या मनुष्याची जी गत, तीच आमची झाली.

त्या संग्रहांत एका विद्यार्थिनीच्या आजीच्या ओव्या होत्या. शब्द त्या मुलीच्या वहींत उतरलेले होते, म्हणून ते वांचले. आवाज मात्र गेला. आजी त्याच वर्षीं फाल्गुनांत वारल्या होत्या. मुलीची आई एके दिवशीं शाळेंत आली आणि म्हणाली, "सर, मायचा आवाज एकडाव ऐकाचा होता, म्हणून आली." त्यांना देण्यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. दोष उन्हाचा नव्हता, विजेचाहि नव्हता. लोकांनीं विश्वासानें दिलेली ठेव आम्हीं नीट राखिली नव्हती.

त्यानंतर आम्हीं व आमच्या विद्यार्थ्यांनीं नव्यानें आरंभ केला. त्यांतून जें शिकलों तें क्रमानें देतों.

पहिला विचार जागेचा. सर्व्हर घरीं ठेवावा कीं भाड्यानें घ्यावा? आमचें मत असें कीं, शिकण्यासाठीं घरचा उत्तम आणि लोकांच्या सेवेसाठीं भाड्याचा बरा. घरच्या सर्व्हरास तीन अडचणी येतात. पहिली विजेची. दुसरी उष्णतेची व धुळीची. तिसरी पत्त्याची. इंटरनेटच्या जुन्या पद्धतींत एकंदर सुमारें ४३० कोटी अंकी पत्ते आहेत आणि त्यांचा मध्यवर्ती सांठा २०११ सालींच वांटून संपला. म्हणून पुष्कळ कंपन्या अनेक ग्राहकांस मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. तो बदलतहि असतो. अशा घरांतील सर्व्हरापर्यंत बाहेरचा वाचक सहजीं पोंचूं शकत नाहीं. त्यासाठीं कंपनीकडून स्थिर पत्ता मागून घ्यावा लागतो, किंवा निराळी व्यवस्था करावी लागते.

भाड्याचा सर्व्हर घेतांना जाहिरातींतील आंकडे नीट वाचावे. सर्व्हर शंभरांत ९९ टक्के वेळ चालूं राहील, असें वचन ऐकावयास गोड वाटतें. पण वर्षाचा एक टक्का म्हणजे तीन दिवस व सुमारें सोळा तास होतात. तेंच वचन ९९.९ टक्क्यांचें असेल तर वर्षांत बंद राहण्याचा काळ सुमारें पावणेनऊ तासच उरतो. एका दशांशस्थळानें किती अंतर पडतें, हें गणिताच्या विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावें.

शिकण्यासाठीं घरीं सर्व्हर मांडणारांस थोडें सांगतों. नवें यंत्र विकत घेण्याची गरज नाहीं. दहा वर्षांपूर्वींचा संगणक किंवा २०१२ सालीं इंग्लंडांत निघालेला रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक ह्या कामास पुरतो. त्यावर लिनक्स घालावें. फिनलंडमधील लिनस टॉरव्हाल्ड्स ह्या विद्यार्थ्यानें तें १९९१ सालीं आरंभिलें आणि आज जगांतील असंख्य सर्व्हर त्यावर चालतात. त्याला मूल्य पडत नाहीं. यंत्र पत्र्याखालीं किंवा बंद कपाटांत न ठेवितां हवेशीर जागीं, जमिनीपासून थोडें उंच ठेवावें. घरच्या इन्व्हर्टरवर दिवे व पंखे चालतात, पण वीज गेल्यापासून तो चालूं होईपर्यंतच्या क्षणांत कित्येकदां संगणक बंद पडतो. म्हणून संगणकास निराळा यूपीएस असावा. तोहि असा कीं, बॅटरी संपत आली म्हणजे तो संगणकास इशारा देईल आणि संगणक आपलें काम आवरून मग बंद होईल. वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू व्हावें, अशी योजना संगणकाच्या मूळ सेटिंगमध्यें बहुधा असते. ती चालूं करून ठेवावी. अर्थिंग तपासल्यावांचून कांहींच जोडूं नये. हें शेवटचें काम मुलांनीं न करितां जाणत्या वायरमनकडून करून घ्यावें.

दुसरा विचार नांवाचा. संकेतस्थळाचें नांव कोणी कायमचें विकत घेत नाहीं. तें वर्षाच्या हिशेबानें भाड्यानें मिळतें. मुदत संपली व भाडें भरलें नाहीं, तर कांहीं काळानें तें दुसऱ्याच्या हातीं जाऊं शकतें. म्हणून नांव संस्थेसाठीं असेल तर तें संस्थेच्याच नांवानें नोंदवावें. ज्यानें संकेतस्थळ बनवून दिलें त्या गृहस्थाच्या नांवानें कदापि नोंदवूं नये. तो परगांवीं गेला तर शाळेचें नांवहि त्याच्याबरोबर जातें. आणखी एक बारीक पण फार उपयोगी गोष्ट: नोंदणींत जो ईमेल द्यावयाचा तो त्याच नांवाखालचा असूं नये. नांवाची मुदत संपली म्हणजे तो ईमेलहि बंद पडतो, आणि मुदत संपल्याची सूचना ज्या पेटींत यावयाची तीच पेटी नाहींशी होते. नूतनीकरणाची तारीख निदान दोन माणसांच्या वहींत असावी. नांवाच्या शेवटीं ‘डॉट इन’ घेतां येतें. आणि २०१४ पासून ‘डॉट भारत’ असें अखेरपर्यंत देवनागरी नांवहि नोंदवितां येतें.

तिसरा विचार पानांच्या घडणीचा. नवशिक्यास हालणारीं चित्रें, सरकते फलक व नाना रंग ह्यांचा मोह होतो. आमचा सल्ला असा कीं, आरंभ साध्या एचटीएमएल पानांनीं करावा. ज्या पानांस डेटाबेस लागत नाहीं तीं बिघडतात कमी, चालतात वेगानें, आणि उचलून दुसऱ्या सर्व्हरवर ठेवणें सोपें असतें. फोनवर काढलेलें एक छायाचित्र सहज चार मेगाबाइटांचें असतें. सेकंदास एक मेगाबिट एवढ्याच वेगाचें इंटरनेट ज्या गांवीं मिळतें, तेथें तें उघडण्यास बत्तीस सेकंद लागतात. तेंच चित्र लहान करून दोनशें किलोबाइटांवर आणिलें तर दोन सेकंदांच्या आंत दिसतें. आपला वाचक कारंजा-आष्टीकडील खेड्यांत जुन्या फोनवर वाचीत आहे असें समजून पान बनवावें. जें त्याला चालेल तें मुंबईकरासहि चालेल.

मराठी मजकूर नेहमीं युनिकोडमध्येंच लिहावा. पूर्वीं निरनिराळ्या फाँटांत निरनिराळ्या रीतीनें अक्षरें साठवीत. तो फाँट ज्याच्यापाशीं नसेल त्यास निरर्थक चिन्हांचा सडा दिसे. युनिकोडची पहिली आवृत्ति १९९१ सालीं निघाली व देवनागरीस तींत आरंभापासून १२८ घरांची जागा मिळाली. ‘क’ ह्या अक्षराचा षोडशमान क्रमांक ०९१५ हा जगांतील प्रत्येक संगणकावर एकच असतो. पानाच्या डोक्यावर मजकूर यूटीएफ-८ पद्धतीचा आहे असें सांगणारी ओळ घालण्यास विसरूं नये. फाइलींचीं नांवें मात्र लहान रोमन अक्षरांत व मोकळी जागा न सोडतां ठेवावीं. त्याचें कारण असें: ‘शाळा’ ह्या छोट्या शब्दांत संगणकाच्या दृष्टीनें चार चिन्हें आहेत; प्रत्येकाचे तीन बाइट होतात, आणि पत्त्यांत प्रत्येक बाइट तीन चिन्हांनीं लिहिला जातो. म्हणजे ‘शाळा’ हें नांव पत्त्यांत छत्तीस चिन्हांचें होऊन बसतें! असा पत्ता कोणास फोनवर सांगतांहि येत नाहीं. मजकूर मराठींत असावा, फाइलीचें नांव सुटसुटीत असावें.

चौथा विचार कुलपाचा. आमचा नवा सर्व्हर जेव्हां प्रथम इंटरनेटवर आला, तेव्हां पहिल्याच रात्रीं अनोळखी पत्त्यांवरून आंत शिरण्याचे प्रयत्न झाल्याचें त्याच्या नोंदवहींत, म्हणजे लॉगमध्यें, सकाळीं मुलांनीं वाचिलें. तीं घाबरलीं. कोणी शत्रु आमच्या शाळेवर टपून बसला होता असें मात्र नाहीं. उघडीं दारें शोधीत फिरणारे प्रोग्रॅम सर्वत्र हिंडत असतात आणि प्रत्येक दार ढकलून पाहतात. सर्व्हरास अशीं पासष्ट हजारांहून अधिक दारें असतात. त्यांस पोर्ट म्हणतात. वाचकांसाठीं ८० व ४४३ ह्या क्रमांकांचीं दोन, आणि स्वतःस आंत जाण्यासाठीं बहुधा २२ क्रमांकाचें एक, एवढींच उघडीं ठेवून बाकीचीं बंद करावीं. आंत जाण्यासाठीं पासवर्डापेक्षां किल्लीची पद्धति वापरावी. तींत एक फाइल आपल्यापाशीं गुप्त राहते व तिची जोडीदार सर्व्हरवर असते. पासवर्ड ठेवावाच लागला तर तो लांब असावा, आणि एकाच पासवर्डानें दोन कुलुपें उघडूं नयेत. सर्व्हरवरील प्रोग्रॅमांच्या नव्या दुरुस्त्या वेळच्या वेळीं घालाव्या. वाचक व सर्व्हर ह्यांमधील मजकूर वाटेंत कोणी वाचूं नये म्हणून लागणारें प्रमाणपत्र २०१५ पासून ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ह्या संस्थेकडून विनामूल्य मिळतें. त्याची मुदत थोडी असते. म्हणून नूतनीकरण यंत्राकडूनच व्हावें, आणि तें झालें कीं नाहीं हें माणसानें पाहावें.

येथें पालकांस एक विनंति आहे. कुलूप केवळ यंत्राचें नसतें. मुलांचीं छायाचित्रें, घरचा पत्ता, फोनचा क्रमांक, शाळेंत येण्याजाण्याची वेळ ह्या गोष्टी मुलांनीं आपल्या संकेतस्थळावर घालूं नयेत. २०२३ सालीं संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमांत, अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वीं पालकांची संमति हवी, हें तत्त्व मान्य केलेलें आहे. वृद्धांच्या ओव्या किंवा आठवणी घेतांनाहि त्या जगास ऐकविण्यास त्यांची मान्यता आहे का, हें आधीं विचारावें. ज्या आजींनीं आम्हांस नको म्हटलें, त्यांचा आवाज आम्हीं संकेतस्थळावर घातला नाहीं.

पांचवा विचार नकलेचा, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. नियम सोपा आहे: मजकुराच्या तीन प्रती असाव्या, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि त्यांतील एक निराळ्या गांवीं किंवा निदान निराळ्या इमारतींत असावी. आमच्या शाळेची एक प्रत सर्व्हरवर असते, दुसरी शाळेच्या कपाटांतील सुट्या डिस्कवर असते, आणि तिसरी हिंगणघाटास एका माजी विद्यार्थ्याच्या घरीं असते. कपाटांतील डिस्क नक्कल घेतल्यावर संगणकापासून सोडवून ठेवितात. कारण जोडलेल्या डिस्केवर विजेचा झटका व चोर प्रोग्रॅम हे दोघेहि पोंचतात.

फुकट मिळणाऱ्या जागेवर संकेतस्थळ ठेवण्यास आमची हरकत नाहीं. परंतु आपली प्रत आपल्या हातीं असावी. जिओसिटीज ह्या प्रसिद्ध सेवेवर जगांतील असंख्य लोकांनीं आपलीं पहिलीं पानें फुकट मांडिलीं होतीं. २००९ च्या ऑक्टोबरांत ती सेवा बंद झाली. कांहीं स्वयंसेवकांनीं त्यांतील पुष्कळ पानें उतरवून वांचविलीं, पण आपल्या पानांची काळजी परक्यांनीं घ्यावी अशी आशा धरणें शहाणपणाचें नाहीं.

नक्कल घेतली म्हणजे काम झालें, असेंहि समजूं नये. ३१ जानेवारी २०१७ रोजीं गिटलॅब ह्या नामांकित कंपनींत एका अभियंत्यानें चुकून भलत्याच सर्व्हरवर आज्ञा दिली आणि चालूं डेटाबेस पुसला गेला. नकलेच्या पांच योजना तेथें कागदोपत्रीं होत्या. प्रसंग आला तेव्हां त्यांपैकीं एकहि भरंवशाची ठरली नाहीं. सुमारें सहा तासांपूर्वीं सहज घेतलेली एक प्रत सांपडली म्हणून बाकीचें वांचलें. त्या कंपनीची एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. तिनें चूक लपविली नाहीं; काय घडलें व कां घडलें हें सर्व जगापुढें लिहून ठेविलें. एवढ्या जाणत्या माणसांची जर ही स्थिति, तर आपण किती सावध असलें पाहिजे! म्हणून आमच्या येथें दर तिमाहीस एका शनिवारीं नववीचे विद्यार्थी कोऱ्या संगणकावर केवळ नकलेवरून संपूर्ण संकेतस्थळ पुन्हा उभें करितात. घड्याळ लावून किती वेळ लागला तें लिहितात. पहिल्या वेळीं काम पुरेंच झालें नाहीं, कारण सेटिंगची एक फाइल नकलेंत घेण्याचें राहून गेलें होतें. ही उणीव शांतपणाच्या दिवशीं कळली, आपत्तीच्या दिवशीं कळली नाहीं, हाच त्या शनिवारचा लाभ.

सहावा विचार वहीचा. सर्व्हरवर जें जें कराल तें तें तारीख घालून वहींत लिहा: कोणता प्रोग्रॅम घातला, कोणती ओळ बदलली, कां बदलली. एका वेळीं एकच गोष्ट बदला व ती चालते कीं नाहीं हें पाहून मग दुसरीस हात घाला. चार गोष्टी एकदम बदलल्या म्हणजे बिघाड कशामुळें झाला हें देवासच ठाऊक. कोणतीहि फाइल बदलण्यापूर्वीं तिची एक प्रत बाजूस ठेवा. कांहीं बिघडलें तर प्रथम लॉग वाचा; बहुतेक वेळां यंत्रानें आपलें दुखणें तेथें लिहिलेलें असतें आणि आपण तें न वाचतांच औषधें देत सुटतों. इंटरनेटवर सांपडलेली आज्ञा तिचा अर्थ कळल्यावांचून उतरवूं नका. आमची वही साध्या कागदाची आहे, कारण सर्व्हर बंद पडला तरी ती उघडतां येते. तिच्या शेवटच्या पानावर, हें सर्व करणारा मनुष्य उद्यां आला नाहीं तर दुसऱ्यानें काय करावें, हें क्रमवार लिहिलेलें आहे. पासवर्ड त्या वहींत नाहींत. ते मुख्याध्यापकांच्या कुलुपबंद कपाटांत, लाखेनें बंद केलेल्या पाकिटांत आहेत.

कोणी पालक विचारतील कीं, इतकी यातायात कशाला? तयार साधनें मिळत असतां मुलांनीं आज्ञा व पोर्ट ह्यांत वेळ कां घालवावा? ह्याचें उत्तर आपल्याच गांवानें पूर्वीं दिलेलें आहे. ऑक्टोबर १९३७ मध्यें वर्ध्यांत भरलेल्या शिक्षणपरिषदेंत, मुलानें हातानें एकादा उद्योग करीत करीत शिकावें, हा विचार गांधीजींनीं शिक्षणतज्ज्ञांपुढें ठेविला, आणि डॉ. झाकिर हुसेन ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें त्याला योजनेचें रूप दिलें. तकली फिरवितांना मुलास सूत, गणित आणि कापसाचा भूगोल ही एकत्र कळत. सर्व्हर राखतांना विद्यार्थ्यास गणित, भाषा, विजेचें शास्त्र आणि शिस्त ह्यांचा एकत्र परिचय होतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, दुसऱ्याची ठेव सांभाळण्याची संवय लागते. ही संवय परीक्षेच्या गुणपत्रकांत दिसत नाहीं. पण पुढें तो विद्यार्थी बँकेंत, दवाखान्यांत किंवा ग्रामपंचायतींत कोठेंहि बसला तरी लोकांच्या कामीं पडते.

ती जुनी ओव्यांची वही आमच्या त्या विद्यार्थिनीनें पुढें शाळेस दिली. नव्या संग्रहाचें पहिलें पान तिनेंच टाइप केलें. आजीचा आवाज परत आला नाहीं आणि येणारहि नाहीं. त्या ओवीखालीं आवाजाची जागा रिकामी ठेविली आहे. आम्हीं मुलांस ती जागा मुद्दाम दाखवितों. नंतर ज्या वृद्धांचे आवाज गोळा झाले, त्यांच्या तीन-तीन प्रती तीन ठिकाणीं आहेत, आणि गेल्या वर्षीं देवळीकडील एका आजोबांच्या निधनानंतर त्यांच्या घरची मंडळी शाळेंत आलीं तेव्हां आम्हांस त्यांच्या हातीं आवाज देतां आला.

असो. ह्या सुटींत तुमच्यापैकीं जे कोणी आपलें संकेतस्थळ उभाराल, त्यांनीं पहिल्या दिवशींच एक वही, एक सुटी डिस्क आणि एक विश्वासू मित्र जवळ करावा. संकेतस्थळ सुरू झाल्याची बातमी आम्हांस जरूर कळवा. परंतु नकलेवरून तें पुन्हा उभें करून पाहिलें, असें ज्या दिवशीं येऊन सांगाल, त्या दिवशीं आम्ही तुमची पाठ थोपटूं.